लोणा लागलेली भिंत
जुन्या वाड्याच्या चुन्यात बांधलेल्या भिंतीला लोणा लागला, की अनेकजण त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतात. सिमेंट ओलावा आत कोंडते. लोणा शेजारी फुटतो आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजू लागतात. प्रथम फुटके कौल वा गळकी पन्हळ शोधावी. मग सुटा गिलावा खरवडून, भिंत भिजवून, एक भाग मुरवलेला चुना व तीन भाग वाळू यांचा पातळ थर स्वहस्ते द्यावा. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे हवेतच. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून थर काही दिवस ओलसर ठेवावा; घाईच्या गवंड्याला हे पटत नाही! तुळई मात्र जाणकाराकडेच सोपवावी. त्यासाठी कर्ज घेतल्यास, राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते. नव्या प्रणालीत मिळत नाही.