अपडेटचा अपराधी कोण?

भ्रमणध्वनीच्या आज्ञावलीची नवी आवृत्ति, जिला हल्लीं घरोघर अपडेट म्हणतात, ती रात्रीं यंत्रांत उतरावी आणि सकाळीं यंत्र बंद पडावें, हा अनुभव आतां विरळा राहिलेला नाहीं. दुकानदार सेवाकेंद्राकडे बोट दाखवितो. सेवाकेंद्र म्हणतें, हमीची मुदत सरली.

आमच्या मतें दोष अपडेट धाडणाराचा. घड्याळजीनें आपण होऊन घरीं यावें, चालतें घड्याळ उघडून बंद पाडावें, आणि वर हमी संपल्याचें सांगावें, तर पुण्यांतला कोणता गृहस्थ तें ऐकून घेईल? येथें कृति नवी आहे, आणि ती कंपनीची आहे. अँड्रॉइड गूगलचें, यंत्र दुसऱ्याचें, असा वाद निघाल्यास यंत्रावर ज्याचें नांव त्यालाच धरावें. आपसांतला हिशेब त्यांनीं मागाहून करावा.

कंपन्यांचा ठराविक बचाव काकतालीय न्यायाचा असतो. कावळा बसला आणि त्याच क्षणीं ताडाचें फळ पडलें; तसेंच जुनें यंत्र अपडेटच्या दिवशीं योगायोगानें गेलें! एका यंत्रापुरतें हें खरेंही असेल. परंतु एकाच जातीच्या झाडांवरून फळें पटापट पडूं लागलीं, म्हणजे कावळ्याची चौकशी करावीच लागते. इटलींतील स्पर्धा-नियामक संस्थेनें 2018 सालीं अशाच अपडेटांनीं फोन मंदावल्याबद्दल अ‍ॅपलला 1 कोटी व सॅमसंगला 50 लाख युरो दंड केला. आपल्याकडे आयओएस 18 विषयींच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अ‍ॅपलला नोटीस दिल्याचें 2025 च्या जानेवारींत जाहीर झालें.

'अपडेट फुकट दिलें' हा दुसरा बचाव अधिक घातक. कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत फुकट सेवा ही सेवा धरलेली नाहीं. पण इतकीं वर्षें अपडेट मिळतील अशी जाहिरात करून जी वस्तु विकली, तिच्या किंमतींतच त्याचे पैसे आले, असें आम्ही समजतों.

अपडेट घेऊंच नये, असें कोणी म्हणेल. पण पेन्शनचें खातें ज्या यंत्रांत, त्याच्या सुरक्षेचीं भोंकें बुजविणारेंही तेंच. छायाचित्रांची प्रत मात्र आधींच दुसरीकडे ठेवावी. तें काम आपलें.

ज्या पुण्यांत 1974 सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापिली, तेथें लोक मुकाट्यानें दुसरें यंत्र विकत आणतात, याचें नवल वाटतें. अपडेटची तारीख व आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवावा, सेवाकेंद्राकडून लेखी नोंद घ्यावी, 1915 या क्रमांकावर तक्रार द्यावी. तेवढ्यानें न भागल्यास दोन वर्षांच्या आंत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावें. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूस तेथें शुल्क पडत नाहीं.