पोरं बिघडली म्हणणाऱ्यांसाठी

"मोबाइल आला आणि पाड्यावरची पोरं बिघडली," हे डहाणू स्टेशनापासून तलासरी नाक्यापर्यंत कुठेही ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या खिशातही मोबाइल असतोच. आपण शहाणे, परिणाम होतो तो दुसऱ्यांवर, असं बहुतेकांना वाटतं. अमेरिकी अभ्यासक फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्येच ही खोड नोंदवली होती.

दुसरा गैरसमज जास्त रुजलेला: जाहिरात शहरातून येते आणि आदिवासी तरुण ती मुकाट गिळतो. खरं तर जाहिरातवाले पाड्यावरूनही उचलतात. 2010 च्या दिवाळीत कोका-कोलाने आपल्या मोहिमेत वारली आदिवासींची चित्रं वापरली, तीही तरुण गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून. ही चित्रं मुळात विकायची नव्हतीच. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत, त्यात लग्नाची देवी पालघट. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकापासून ही कला कागदावर नेली, जगभर पोचवली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रं साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात आणि काढणारा वारली असेलच असं नाही. म्हणूनच आदिवासी युवा सेवा संघाने खटपट केली आणि 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांना आपण बिघडलेले म्हणतो, त्याच वयाच्या मंडळींचं हे काम.

डीजेने तारपा हे वारल्यांचं फुंकवाद्य संपवलं, हेही अर्धसत्य. लग्नात डीजे दणाणतो, कबूल. पण 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, तारप्यावर फेर धरणारी आणि त्याचे रील टाकणारीही तरुण पोरंच असतात.

काळजी करायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी करावी. 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, म्हणून सावळ्या मुलीच्या मनातला सल गेला नाही. "दारू-तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आहे" म्हणून निश्चिंत राहणारे तर भोळेच. त्याच नावाची वेलची किंवा सोडा दाखवून ब्रँड डोक्यात बसवला जातो. अशा आडून केलेल्या जाहिरातींना केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. फसव्या जाहिरातीसाठी कंपनीलाच नव्हे, तर ती करणाऱ्या नटालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. तेव्हा पोरांचा मोबाइल हिसकावण्याआधी त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर द्या: 1915.