इंजिनाच्या माथ्यावरचे दोन दांडे

विहिरीवरचे तेलाचे इंजिन आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे. हँडल मारले की ते आधी खोकते, धूर सोडते, आणि मग एका लयीत ठकठक करीत तासन् तास पाणी उपसते. त्याच्या पोटात काय चालते ते मात्र फिटर त्याला खोलून बसला तरच दिसते. आज ज्या इंजिनाची ओळख करून घ्यायची आहे ते याच कुळातले, पण पेट्रोलवर चालणारे आणि कितीतरी चपळ. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी ते तयार झाले, १९४८ साली जगापुढे आले आणि १९९२ सालापर्यंत बनत राहिले. जग्वार कंपनीचे हे ‘एक्सके’ इंजिन.

तुम्ही म्हणाल, “विलायतेतल्या शर्यतीच्या मोटारीशी आमचं काय काम?” काम आहे. त्या इंजिनाच्या माथ्यावर जी रचना होती, तीच आज आपल्या तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या कित्येक लहान पेट्रोल मोटारींतही आहे. एकेकाळी शर्यतीपुरती असलेली ही रचना रोजच्या वापरात टिकते, हे ज्यांनी दाखवून दिले त्यांत एक्सकेचा मान मोठा आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. इंजिनाचे काम चार पायऱ्यांत चालते. दट्ट्या खाली येतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढतो. वर जातो आणि ते दाबतो. ठिणगी पडते, भडका होतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर लोटतो. आत घेण्यासाठी एक झडप आणि बाहेर टाकण्यासाठी दुसरी. घराचे दार उघडायला उशीर झाला तर पाहुणा फार तर खोळंबेल; इथे झडप क्षणभर चुकली तर ताकदच हरवते.

मग झडपा वेळेवर उघडतो कोण? एक दांडा. त्याच्यावर ठरावीक ठिकाणी अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा झडपेला रेटतो. उंचवटा सरकला की स्प्रिंग तिला परत जागेवर बसवते. हा उंचवटा म्हणजे कॅम आणि हा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट.

विहिरीवरच्या इंजिनात हा दांडा बहुधा खाली, क्रँकच्या शेजारी असतो आणि झडपा असतात वर डोक्यात. म्हणून मधे एक लांब सळई घालतात. सळईच्या टोकावर तराजूच्या दांडीसारखा रॉकर असतो. सळईने त्याचे एक टोक वर उचलले की दुसरे टोक झडप दाबते. म्हणजे निरोप तीन हातांतून जातो. सावकाश चालणाऱ्या इंजिनाला एवढे पुष्कळ झाले. पण मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला २,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ वेळा उघडते आणि मिटते. अशा घाईत सळई लवते, रॉकर हिसके खातो, स्प्रिंगला वेळ पुरत नाही. एकदाची झडप नीट बसण्याआधीच पुन्हा उघडायची वेळ येते.

यावर उपाय सरळ आहे. दांडाच उचलून झडपांच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. सळई गेली, रॉकर गेला, निरोप थेट पोचला.

“पण दोन दांडे कशाला? एकानं भागत नाही का?” भागते, तशी इंजिनेही आहेत. मात्र मिश्रण जळण्याची जागा उलट्या वाटीसारखी गोल केली, तर तिच्या दोन उतरणींवर दोन मोठ्या झडपा तिरप्या बसवता येतात. ताजे मिश्रण एका बाजूने येते, धूर दुसऱ्या बाजूने जातो आणि वाटेत अडखळत नाही. एक्सकेमध्ये या दोन झडपांतला कोन ७० अंशांचा होता. झडपांच्या दोन ओळी अशा दोन दिशांना झुकल्या, की प्रत्येक ओळीवर तिचा स्वतःचा दांडा असणे सोयीचे. म्हणून दोन कॅमशाफ्ट. खालच्या क्रँकपासून वरच्या दांड्यांपर्यंत ताकद पोचवण्यासाठी दोन टप्प्यांत साखळ्या बसवल्या होत्या.

ही युक्ती नवी नव्हती. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९१२ सालीच ती शर्यतीच्या मोटारीत वापरली होती. अडचण होती ती खर्चाची आणि देखभालीची. घडण नाजूक, साखळ्यांचा आवाज, आणि झडपेच्या फटीत केसाएवढा फरक करायचा तर दांडा उतरवून खालची पातळ चकती बदलायची. म्हणून ही रचना बहुतांशी शर्यतीच्या आणि थोड्या महागड्या मोटारींतच राहिली. सामान्य कारखानदार तिच्या वाटेला जात नसे.

मग कॉव्हेंट्रीतल्या एका बेताच्या कारखान्याने ते धाडस का केले?

या कारखान्याचे प्रमुख होते विल्यम लायन्स. १९२२ साली एका भागीदाराबरोबर त्यांनी ब्लॅकपूल गावी मोटारसायकलींना जोडायच्या बाजूगाड्या करण्याचा धंदा सुरू केला. पुढे ते मोटारींचे सांगाडे घडवू लागले आणि १९२८ साली कॉव्हेंट्रीला आले. त्यांच्या मोटारी दिसायला देखण्या असत, पण त्यांची इंजिने स्टँडर्ड नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यातून येत. म्हणजे शेत आपले, पण बैल उसने. उसन्या बैलावर पेरणी होते, पण दुसऱ्याची सवड पाहावी लागते आणि बैल कसा असावा हेही आपल्या हाती राहत नाही. स्वतःचे इंजिन असल्याशिवाय कारखाना स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, हे लायन्स यांनी ओळखले.

तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले. मोटारी बंद झाल्या आणि कारखाना युद्धाच्या कामाला लागला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर भयंकर बाँबफेक केली. शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. आग लावणारे बाँब पडले तर ताबडतोब विझवता यावेत म्हणून कारखान्यांवर रात्रीचे पहारे असत. लायन्स यांनी युक्ती केली. मुख्य अभियंता विल्यम हेन्स, त्यांचे सहकारी वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली, आणि स्वतः आपण, अशा चौघांचा पहारा त्यांनी एकाच रात्री लावून घेतला. आकाशाकडे डोळे ठेवून ही मंडळी युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा करीत. हवेचा प्रवाह जाणणारे हॅरी वेस्लेक यांनी पुढे त्याच्या डोक्याच्या, म्हणजे सिलिंडर-हेडच्या, रचनेला हातभार लावला.

स्वस्त वाट त्यांनी पाहिली नाही असे नाही. प्रयोगाच्या इंजिनांना त्यांनी अक्षरांची नावे दिली होती. ‘एक्सएफ’ हे छोटे, दोन कॅमशाफ्टचे. ‘एक्सजी’मध्ये खर्च वाचवून दांडा खालीच ठेवला आणि सळयांनी काम भागवून पाहिले, पण ते खडखडू लागले आणि हवाही मनासारखी आत जाईना. मग ‘एक्सजे’. त्याला कमी वेगात ओढ थोडी कमी पडली, म्हणून दट्ट्याची धाव लांबवली. त्यातून झाले ‘एक्सके’.

शिक्षकांसाठी इथे एक छान उदाहरण आहे. या इंजिनात एका रांगेत सहा सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १०६ मिलिमीटर. मुलांना एकूण घनफळ काढायला सांगा. त्रिज्या ४.१५ सेंटिमीटर, तिचा वर्ग गुणिले २२/७, गुणिले धाव १०.६, गुणिले ६. उत्तर येते सुमारे ३,४४२ घन सेंटिमीटर. कारखान्याच्या कागदावरही हाच आकडा आहे! यालाच बोलीत ३.४ लिटरचे इंजिन म्हणतात.

त्याची बैठक भक्कम होती. सहा दट्ट्यांचे धक्के सोसणाऱ्या लांब क्रँकशाफ्टला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार होता. लांब तुळईखाली सात खांब द्यावेत तसा. खालचा ठोकळा बिडाचा आणि डोके अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, कारण हा धातू हलका आणि उष्णता लवकर बाहेर टाकणारा. हा भक्कमपणा पुढे फार कामाला आला.

१९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात हे इंजिन ‘एक्सके १२०’ या मोटारीत मांडले गेले. खरे तर ते एका मोठ्या, घरगुती वापराच्या मोटारीसाठी केले होते. ती मोटार तयार व्हायला अवकाश होता, म्हणून ही छोटी खुली मोटार थोड्या संख्येने काढून इंजिनाची जाहिरात आणि परीक्षा दोन्ही करावे, असा बेत होता. कर सोडून किंमत ठेवली ९९८ पौंड. इंजिनाची ताकद १६० अश्वशक्ती. नावातला १२० हा आकडा तासाला १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाचा. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा मे १९४९ मध्ये बेल्जियममधील याब्बेके येथे सरळ रस्त्यावर मोटार पळवून दाखवली. वेग भरला ताशी १३२ मैलांहून अधिक. मागणी एवढी आली, की १९५४ पर्यंत सुमारे १२,००० मोटारी कराव्या लागल्या. त्यांतल्या बहुसंख्य परदेशी गेल्या. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनला तेव्हा डॉलर हवे होते आणि निर्यात करणाऱ्यालाच पोलाद मिळे. लायन्स यांच्या कारखान्याला हे इंजिन असे तारक ठरले.

वेग क्षणाचा असतो, टिकाऊपणा दिवसांचा. १९५२ साली पॅरिसजवळच्या मोंलेरी येथे एक एक्सके १२० सात दिवस आणि सात रात्री पळवली. अंतर झाले १६,८५१ मैल आणि सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याच इंजिनाच्या मोटारी १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशा पाच वेळा पहिल्या आल्या.

पण १९५५ च्या विजयाबरोबर एक काळा दिवसही सांगितला पाहिजे. ११ जून रोजी त्या शर्यतीत एक मर्सिडीज मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. चालकासह ८० हून अधिक माणसे गेली. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली. इंजिने वेगवान झाली, पण कठडे आणि प्रेक्षकांच्या जागा जुन्याच राहिल्या, त्याची किंमत माणसांनी मोजली. यंत्राची ताकद वाढवणाऱ्याने त्याच्या भोवतीच्या माणसांचाही विचार करायचा असतो. हे गावच्या मळणीयंत्रालाही लागू आहे, नाही का?

पुढची कथा म्हणजे एकाच इंजिनाच्या नाना नोकऱ्या. सिलिंडर लहानमोठे करून त्याची २.४, २.८, ३.८ आणि ४.२ लिटरची रूपे निघाली. १९६१ सालच्या प्रसिद्ध ‘ई-टाइप’ मोटारीत ते होते. १९६८ पासून ‘एक्सजे-६’ या घरगुती मोटारीत होते. डेम्लर नावाच्या लांबलचक गाडीत ते १९९२ पर्यंत बसवले गेले. ही गाडी राजघराण्याच्या दिमतीला असे आणि तिच्याच सांगाड्यावर शववाहिन्याही होत. ताकद थोडी उतरवून तेच इंजिन ‘स्कॉर्पियन’ या हलक्या रणगाड्यात घातले गेले. डेनिस कंपनीच्या काही आगीच्या बंबांतही ते होते. आगीच्या पहाऱ्यावर ज्याचा विचार झाला, ते इंजिन अखेर आग विझवायला धावले!

त्यात दोष नव्हते असे नाही. बिडाचा ठोकळा जड, पेट्रोलची भूक मोठी, तेल गळण्याची खोड. अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले तशी तिकडे जाणाऱ्या मोटारींची ताकद कमी करावी लागली. पेट्रोल भडकण्याचा धोका असल्याने रणगाड्यांतही पुढे डिझेल इंजिने आली. ऐंशीच्या दशकात जग्वारने दुसरे, हलके इंजिन काढले. २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार घेतली आणि या नावाचा धागा मुंबईशी जुळला. तोवर एक्सके बंद होऊन सोळा वर्षे झाली होती.

मग मागे उरले काय? दोन कॅमशाफ्ट डोक्यावर बसवून मोटार बाजारालाही नेता येते, घरच्यांनाही नेता येते आणि दोन पिढ्या चालवता येते, हा विश्वास. पुढे इतरांनी त्यात सुधारणा केल्या. एका सिलिंडरला दोनांच्या जागी चार झडपा आल्या आणि धातू व साखळ्या सुधारल्या. पण मूळ मांडणी तीच राहिली.

शिक्षकांनी एवढे करावे. गावातल्या फिटरकडे निकामी झालेली एखादी झडप, तिची स्प्रिंग आणि मोडका कॅमशाफ्ट बहुधा पडलेला असतो. तो मागून शाळेत आणावा. एका मुलाने दांडा हातांनी सावकाश फिरवावा, दुसऱ्याने उंचवट्याखाली झडप धरावी आणि बाकीच्यांनी ती केव्हा दबते, केव्हा सुटते ते मोजावे. मग सांगावे, की हेच सेकंदाला बेचाळीस वेळा होत असते. मुले पुढचे प्रश्न आपण होऊन विचारतील.