घरीच एमटीबीला ट्यूबलेस टायर कसे बसवायचे?

कुपवाडहून दंडोबाच्या डोंगराकडं सायकल काढली की बाभळीचा काटा कधी ना कधी भेटतोच. ट्यूब असेल तर राइड तिथंच थांबते. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत पातळ सीलंट असतं. काटा घुसला की हवेच्या दाबानं ते छिद्राकडं जातं आणि घट्ट होऊन छिद्र बुजवतं. शिवाय हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळं खडकाळ वाटेवर पकड चांगली मिळते.

आधी हे तपासा

रिम आणि टायर दोन्ही 'ट्यूबलेस रेडी' हवेत. साध्या रिमवर जुगाड करू नका. तिच्यात टायरची कड घट्ट धरून ठेवणारी रचना नसते. उतारावर वळताना टायर निसटला तर थेट तुम्हीच पडाल.

साहित्य: ट्यूबलेस टेप, व्हॉल्व्ह, सीलंट, सिरिंज, फ्लोअर पंप, साबणाचं पाणी.

स्टेप बाय स्टेप

१. ट्यूब आणि जुनी पट्टी काढा. रिम पुसून कोरडी करा.
२. टेप ताणून चिकटवा. शेवटी १० सेंमी तरी एकावर एक येऊ द्या. हवा बहुतेक वेळा इथूनच गळते, घाई नको.
३. टेपला बारीक छिद्र पाडून व्हॉल्व्ह बसवा. नट हातानंच आवळा.
४. टायर चढवा, कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हचा कोर काढून जोरात पंप मारा. 'टक टक' आवाज आला की कड बसली.
५. हवा सोडा, सिरिंजनं सीलंट भरा. २९ इंची टायरला साधारण १०० मिली लागतं.
६. कोर लावा, हवा भरा. चाक फिरवा, हलवा, दोन्ही बाजूंनी आडवं ठेवा.

पंपानं कड बसतच नसेल तर पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालतो. प्रेस्टा व्हॉल्व्हला अडॅप्टर लागेल. पण टायर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी, तो ओलांडू नका. टायर फुटू शकतो. नंतर राइडसाठी साधारण २० ते ३० पीएसआय पुरतं; वजनानुसार कमी-जास्त करा.

हे विसरू नका

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. टायर बाजूनं फाटला तर सीलंट काही करू शकत नाही, म्हणून एक ट्यूब जवळ ठेवाच. ती टाकण्याआधी टायरच्या आतून हलक्या हातानं चाचपून सगळे काटे काढा. सीलंटमुळं न जाणवलेले जुने काटे नवी ट्यूब लगेच पंक्चर करतात!