एकच पैसा, दोन्ही पक्ष

अमेरिकेत २०२४ साली एका माणसाला एका उमेदवारास देता येणाऱ्या देणगीची मर्यादा ठरलेली होती: प्रायमरीसाठी, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या निवड फेरीसाठी, ३,३०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी तेवढेच. त्याच निवडणुकीत इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली, आणि तीही कायद्याला धरून. डेमोक्रॅटांच्या मागे जॉर्ज सोरोस, मायकेल ब्लूमबर्ग यांच्यासारखे धनिक आहेतच. मग मर्यादा आहे तरी कशावर?

याचं उत्तर १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या निकालात आहे. वॉटरगेट घोटाळ्यानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, देणगी आणि खर्च या दोन्हींवर मर्यादा घातल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने पहिली ठेवली आणि दुसरी उडवली. उमेदवाराच्या हाती पैसा दिला तर लाचेचा धोका आहे. पण स्वतः खर्च करून मत मांडणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, असा न्यायालयाचा तर्क. त्यामुळे उमेदवारालाही स्वतःच्या खिशातले हवे तेवढे पैसे लावता येतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरले तेव्हा त्यांनी पदरचे सुमारे १ कोटी डॉलर घातले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिसरे आले. पैसा घातला म्हणजे जागा मिळतेच असं नाही.

खरं दार उघडलं २०१० मध्ये. जानेवारीत ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्या आणि कामगार संघटनांना निवडणुकीवर स्वतंत्रपणे वाटेल तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. दोन महिन्यांनी ‘स्पीचनाऊ’ खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला मिळणाऱ्या देणग्यांवरही मर्यादा नको. त्यातून ‘सुपर पॅक’ जन्माला आले. मुख्य अट ही: उमेदवाराशी संगनमत नको.

ही अट फार विरळ विणीची आहे. उमेदवार स्वतःच्या चित्रफिती आणि कोणत्या मतदारांना काय सांगायचं याच्या सूचना आपल्या संकेतस्थळावर उघड ठेवतो. सुपर पॅक त्या उचलून जाहिरात बनवतो. सगळं जाहीर असल्याने ते संगनमत ठरत नाही. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने आणखी एक सूट दिली: घरोघरी जाऊन प्रचार करण्याचं काम उमेदवाराशी ठरवून केलं तरी चालेल. हा प्रश्न विचारला होता टेक्सासमधल्या डेमोक्रॅटिक बाजूच्या एका गटाने. काही महिन्यांनी त्या सुटीचा सर्वांत मोठा लाभ उठवला तो मस्क यांच्या ‘अमेरिका पॅक’ने, ट्रम्प यांच्यासाठी.

इथवरचा पैसा निदान आपली बाजू निवडून उभा असतो. मला अधिक चिंता वाटते ती बाजू न निवडणाऱ्या पैशाची. ‘फेअरशेक’ हा क्रिप्टो उद्योगाचा सुपर पॅक. कॉइनबेस, रिपल आणि आंद्रीसन हॉरोविट्झ हे त्याचे मोठे देणगीदार. त्याचे दोन जोडगट आहेत, एक रिपब्लिकनांना मदत करणारा, दुसरा डेमोक्रॅटांना. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिनेटच्या प्रायमरीत त्याने डेमोक्रॅट उमेदवार केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे १ कोटी डॉलर खर्च केले. जाहिरातींत क्रिप्टोचा शब्दही नव्हता, हल्ला होता त्यांच्या सचोटीवर. पोर्टर पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे तेव्हाचे अध्यक्ष शेरॉड ब्राऊन हे क्रिप्टोचे टीकाकार. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्यामागे सुमारे ४ कोटी डॉलर लागले आणि ब्राऊन हरले. त्याच वेळी मिशिगनमध्ये एलिसा स्लॉटकिन आणि ॲरिझोनात रुबेन गालेगो या डेमोक्रॅटांसाठी प्रत्येकी सुमारे १ कोटी डॉलर खर्च झाले. दोघेही जिंकले.

जून २०२५ मध्ये डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो-नाण्यांना कायदेशीर चौकट देणारं ‘जिनियस’ विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झालं. बाजूने १८ डेमोक्रॅट होते. त्यांत स्लॉटकिन, गालेगो आणि पोर्टर यांना मागे टाकून आलेले ॲडम शिफही होते. यातलं कोणतंही मत विकत घेतलं गेलं असं मी म्हणत नाही. काहींना हे विधेयक मनापासून पटलंही असेल. पण प्रायमरीत मतदान कमी असतं, थोड्या मतांनी निकाल फिरतो, आणि क्रिप्टोच्या नियमांवर मत ठरवणारे मतदार मूठभरच. अशा विषयावर उद्योगाला दुखवण्याची किंमत मोठी आणि न दुखवण्याची जवळपास शून्य. हे गणित दोन्ही पक्षांच्या सदस्यांना सारखंच कळतं.

जुलै २०२५ मध्ये, पुढच्या निवडणुकीला वर्षाहून अधिक अवकाश असताना, फेअरशेकने आपल्याकडे १४ कोटी डॉलर तयार असल्याचं जाहीर केलं. त्यातून एक डॉलरही खर्च होण्याआधीच तो आकडा काँग्रेसच्या प्रत्येक सदस्यापर्यंत पोहोचला असणार.