प्रश्नावली छापण्याआधी

समाजकार्य, भूगोल किंवा नगररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याची वस्तीशी पहिली गाठ बहुधा झेरॉक्स काढलेल्या प्रश्नावलीमार्फत पडते. प्रश्न आधीच ठरलेले, गाईडची सही झालेली. आता घरं गाठायची आणि रकाने भरून आणायचे. मग प्रकल्पाच्या अहवालात ‘लोकसहभाग’ नावाचं एक प्रकरण येतं. लोकांनी उत्तरं दिली, म्हणजे सहभाग झाला! माझ्या मते लोकांना सामील करून घ्यायची वेळ याच्या बरीच आधी येऊन गेलेली असते, प्रश्न ठरत असताना. एरवी या गोष्टीची वकिली सौजन्याच्या भाषेत केली जाते, लोकांचा मान राखावा वगैरे. मला मात्र त्यात अचूकपणाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांना बाहेर ठेवून केलेला अभ्यास अनेकदा सरळ चुकतो.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची कौला बंदर ही वस्ती घ्या. जमीन तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळे वस्ती अधिसूचित नव्हती, आणि अधिसूचित नव्हती म्हणून पालिकेचं रीतसर पाणी नव्हतं. तिथे पाणी विकणारे शहराच्या जलवाहिनीला मोटर लावून पाणी ओढत आणि लांबलचक पाइपांनी गल्लीबोळांत पोचवत. अशा ठिकाणी ‘पाणी कुठून मिळते : नळ, विहीर की टँकर?’ या प्रश्नाला बाईने कशावर खूण करावी? पाणी पालिकेचंच, येतं पाइपातून, पैसे घेतो तिसराच. ती ‘नळ’ म्हणाली की कागदावर ते घर नळाच्या पाण्याचं ठरलं आणि वस्तीचा सगळा प्रश्न त्या एका खुणेत गडप झाला. ‘पुकार’ या संस्थेने तिथे केलेल्या अभ्यासांत वस्त्यांमधूनच तयार झालेले ‘बेअरफूट’ संशोधक होते. पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून ही माणसं पाणी विकत घेत होती, हे त्या अभ्यासांतून आकड्यांनिशी मांडलं गेलं. ‘पुकार’चे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी 2006 साली लिहिलेल्या एका निबंधात संशोधन करणं हा सामान्य माणसाचा हक्क मानला आहे. संस्थेच्या युवा फेलोशिपमध्ये कॉलेजातली मुलंमुली गटाने आपल्याच परिसरातला विषय घेऊन वर्षभर अभ्यास करतात. अशा विद्यार्थ्याला ‘क्षेत्रभेट’ नावाची वेगळी गोष्ट करावी लागत नाही. तो राहतोच तिथे, आणि त्याचा निष्कर्ष चुकला तर शेजारी त्याला दारातच अडवतात.

गडचिरोलीचं उदाहरण याहून बोलकं आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने 1986 मध्ये तिथे आरोग्याचं काम सुरू केलं. सुरुवातीचा एक अभ्यास सिकलसेलवर होता. शास्त्राच्या दृष्टीने तो मोलाचा ठरला, पण ज्यांच्यासाठी तो केला त्या आदिवासींना तो आपला प्रश्न वाटला नाही. अभय बंग यांनी स्वतःच हे सांगितलं आहे. अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी ही बायकांची दुखणी मात्र कुणाच्याच यादीत नव्हती, कारण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन अशी तेव्हाची समजूत. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं. तपासलेल्या सगळ्या स्त्रियांपैकी जेमतेम 8 टक्क्यांची याआधी तशी तपासणी झाली होती. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि जगाला त्याची दखल घ्यावी लागली. तज्ज्ञ मंडळी तोवर भलतेच प्रश्न विचारत बसली होती, असं म्हणायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शास्त्राचा : अडाणी माणसाला संशोधन काय कळणार? याला उत्तर गडचिरोलीतच मिळतं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या नवजात बाळाचं वजन करत, जंतुसंसर्ग ओळखत, इंजेक्शनही देत. अशा 39 गावांची तुलना इतर 47 गावांशी केली, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याच वस्तीतला माणूस तटस्थ कसा राहील? तो नाही राहत, कबूल. पण फॉर्म घेऊन आलेल्या परक्यापुढे तरी लोक खरं कुठे बोलतात? ज्या वस्तीवर पाडकामाची टांगती तलवार असते, तिथे प्रत्येक सर्व्हेचा वास रेशनकार्डाचा किंवा बुलडोझरचा येतो. दोन्ही बाजूंची माहिती ताडून पाहणं हाच त्यावर उपाय. काही विषयांत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. घरातली मारहाण बाई शेजारच्या मुलीला सांगणार नाही, अनोळखी बाईला कदाचित सांगेल. तिथे प्रश्न वस्तीतल्या बायकांसोबत बसून तयार करावेत आणि विचारायला बाहेरच्या बाईने जावं.

तिसरी अडचण ‘लोक’ म्हणजे कोण ही. गावात बैठक बोलवा, पुढच्या सतरंजीवर तीच चार-पाच ठरलेली मंडळी. मेंढा (लेखा) गावाने यावर नामी तोड काढली आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्यानेसुद्धा. तिथे काही ठरवायचं नसल्यामुळे कुणाचं तोंड दाबायची गरज पडत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या या गावामागे अशा चर्चांची कित्येक वर्षं आहेत.

विद्यार्थी म्हणेल, आमच्याकडे वर्षं नाहीत, एक सेमिस्टर आहे. खरं आहे. पण प्रश्नावली छापण्याआधी ती दहा घरांत वाचून दाखवायला, ‘हे विचारून काय मिळणार?’ असं जिथे ऐकू आलं ते प्रश्न खोडायला आणि प्रबंध बांधायला टाकण्याआधी निष्कर्ष त्याच गल्लीत मराठीत सांगायला फार तर आठवडाभर लागेल. अडतं ते दुसरीकडे. खोडलेल्या प्रश्नांना मार्क नाहीत, आणि किती घरं केली हेच तोंडी परीक्षेत विचारलं जातं. विद्यापीठांनी मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘वस्तीच्या सांगण्यावरून काय बदललं’ असा एक रकाना टाकला आणि त्याला दहा मार्क ठेवले, तर हे काम उद्यापासून सुरू होईल.