साहाय्य नाकारणे आणि कायदा नाकारणे

अमेरिकेतील काही घटकराज्ये संघीय सरकारचे बंदूकविषयक कायदे राबविण्यास नकार देतात. हे बंड म्हणावे की घटनादत्त अधिकार? उत्तर एका भेदावर अवलंबून आहे. कायद्याच्या अंमलबजावणीत साहाय्य न करणे ही एक गोष्ट. तो कायदाच रद्दबातल आहे असे म्हणणे ही निराळी गोष्ट होय.

पहिल्या गोष्टीस न्यायालयाची मान्यता आहे. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याची पूर्वचौकशी करण्याचे काम तात्पुरते स्थानिक पोलीस प्रमुखांवर सोपविले होते. माँटाना व ॲरिझोना येथील दोन शेरीफांनी त्यास आव्हान दिले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, राज्यांच्या अधिकाऱ्यांना संघीय सरकारने आपल्या कामास जुंपू नये. या तत्त्वाचे मूळ जुने आहे. १८४२ साली फरारी गुलामांसंबंधीच्या खटल्यात याच न्यायालयाने तशाच आशयाचे मत मांडले होते. त्याचा आधार घेऊन १८४३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने गुलामांना पकडण्याच्या कामी आपले अधिकारी व तुरुंग देण्याचे नाकारले. अर्थात, या तत्त्वाचा आश्रय परस्परविरोधी पक्षांनी घेतलेला आहे.

दुसरी गोष्ट मात्र टिकत नाही. कारण राज्यघटनेच्या सहाव्या कलमानुसार संघीय कायदा श्रेष्ठ आहे. मिसूरी राज्याने २०२१ साली काही संघीय बंदूक-कायदे आपल्या हद्दीत अवैध ठरविले, आणि ते राबविणाऱ्या पोलीस खात्यास प्रत्येक प्रसंगी ५०,००० डॉलर दंडाची तरतूद केली. संघीय न्यायालयाने २०२३ साली तो कायदा घटनाबाह्य ठरविला व २०२४ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. राज्य साहाय्य नाकारू शकते. परंतु संघीय कायदा रद्द करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे.

हा भेद केवळ पंडितांपुरता नाही. राज्यात बनून राज्यातच राहणाऱ्या शस्त्रांस संघीय कायदा लागू नाही, असे कॅन्सस राज्याने २०१३ साली घोषित केले. त्यावर विसंबून दोघांनी बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या साधनांचा नोंदणीवाचून व्यवहार केला. २०१६ साली संघीय न्यायालयात ते दोषी ठरले; राज्याच्या कायद्यावर विश्वास ठेवल्याचा बचाव मान्य झाला नाही. आश्वासन विधिमंडळाने दिले. दोषाचा भार दोन नागरिकांवर पडला. ज्यांच्या शब्दावर विसंबून सामान्य माणसे वागतात, त्या सर्वांनीच हे ध्यानी घ्यावे: जे संरक्षण देण्याचा अधिकार आपणांस नाही, त्याचे वचन देऊ नये.